कलती धार

विहिरीचा तळ दिसायला लागला, त्या उन्हाळ्यात दोघे भाऊ वेगळे झाले. कारण पाण्याचं होतं; पण गावात कुणाला विचारलं तर ते थोबाडीत मारल्याचं सांगत. दोन्ही खरं होतं.

घर जीनवाल्यांचं. मागं परड्यात कातडी कमावायचे हौद, पुढं पडवीत कामाची लांब फळी. घोड्यांची जिनं, लगाम, पट्टे असं सगळं त्या घरातून बाहेर पडायचं. हौदांना पाणी लागे, मळ्यातल्या चाऱ्यालाही लागे, आणि विहीर एकच. थोरल्या भावानं सांगून ठेवलं होतं, आधी हौद. एका दुपारी धाकट्यानं पाणी चाऱ्याकडं फिरवलं. दावणीचे बैल उभ्या उभ्या वाळत चालले होते आणि त्याला ते बघवत नव्हतं. हौदातलं पाणी खाली गेलं, वरची कातडी उघडी पडली, तापली आणि कुजली. वास वेशीपर्यंत गेला. थोरला हौदातून तसाच वर आला आणि कामावरच्या गड्यांसमोर त्यानं भावाच्या थोबाडीत दिली. हात हौदातल्या चुन्यानं बरबटलेला होता. गालावर बोटं उमटली. धाकट्यानं गाल पुसलासुद्धा नाही. तसाच घरात गेला, बायकोला म्हणाला, “ऊठ,” आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं शहराकडं निघून गेली.

जायचं की राहायचं, हे धाकटीला कुणी विचारलं नाही. थोरलीला तर नाहीच नाही.

या दोघी जावा. जावाजावांचं कसं असतं ते जगाला ठाऊक आहे. एकीनं मीठ मागावं आणि दुसरीचा डबा नेमका तेवढ्यात रिकामा व्हावा. या दोघींचं तसं झालं नाही, कारण सासऱ्यानं दोघींना एका फळीवर बसवलं होतं. चामड्यावर नक्षी कोरायची कला त्याच्या हातात होती. त्याची नजर मंदावली तेव्हा त्यानं आधी मुलांना बसवून पाहिलं. दोघांचे हात जड. कातडं ओढायला, शिवायला बरे, पण वेलाचं वळण घ्यायची वेळ आली की नांगर फिरवल्यासारखी रेघ. मग म्हाताऱ्यानं सुनांना ओल्या चामड्याचे तुकडे दिले. थोरलीची रेघ पाण्यातून साप जावा तशी गेली. धाकटीची थरथरली. पण तिनं सुरी परत दिली तेव्हा म्हाताऱ्यानं पात्यावरून अंगठा फिरवला आणि तो हसला. दिली होती त्यापेक्षा सुरी धारदार होऊन आली होती. आपली रेघ का थरथरते हे बघायला तिनं मधेच गुपचूप पातं घासून घेतलं होतं. म्हातारा म्हणाला, “हिला रेघ, तिला धार. झाली वाटणी.”

नक्षीची सुरी इतर सुऱ्यांसारखी मुठीत धरायची नसते. ती उभी असते, बोटभर दांडा, वर तर्जनी टेकवायला खोबण आणि खाली आखूड रुंद पातं. तर्जनीनं दाब द्यायचा, अंगठ्यानं आणि बाकीच्या बोटांनी दांडा फिरवायचा, म्हणजे पातं वळणावर वळतं. चामडं आरपार कापायचं नसतं. अर्ध्या जाडीपर्यंतच रेघ जाऊ द्यायची. मग ठसे आणि मोगरी घेऊन रेघेची एक बाजू दाबत न्यायची, की पाकळी वर उठते. सगळा डोलारा त्या पहिल्या रेघेवर. पातं अडलं तर रेघ फाटते, आणि चामड्यावरची फाटलेली रेघ ब्रह्मदेव आला तरी सांधत नाही.

म्हातारा गेला त्यालाही आता वर्षं लोटली होती. थोरलीच्या मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या, धाकटीला मूल नव्हतं. त्यामुळं दिवसभर त्या दोघी आणि ती फळी. थोरली कोरायची, धाकटी समोर बसून पट्ट्यावर पातं ओढायची. वस्तरा घासायला न्हाव्याकडं असतो तसला चामड्याचा पट्टा, त्यावर पॉलिशची हिरवी वडी चोळलेली. चट् चट्, चट् चट्. थोरलीला मान वर करायचीही गरज पडत नसे. पातं जरा अडायला लागलंय असं तिला वाटायच्या आधी धाकटी दुसरी सुरी पुढं करायची. कसं कळायचं, कुणास ठाऊक. आवाजावरून कळतं, असं धाकटी म्हणायची.

आता पडवीत तो आवाज नव्हता. धाकटीनं जाताना काहीच नेलं नव्हतं. सुऱ्या, पट्टा, धारेचा दगड, सगळं जागच्या जागी. पहिल्या आठवड्यातच थोरलीच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण एकदाही सुरीला धार लावलेली नाही.

नवऱ्याला तिनं हे सांगितलं तेव्हा तो दोरा मेणवत होता. तो म्हणाला, गेली तर गेली, धारच तर लावायची. ती काय, खोगीरभरती होती. ज्याच्या घरी खोगिरं भरतात त्यानं तरी असं बोलू नये, असं थोरलीच्या मनात आलं. भरती काढली की घोड्याची पाठ फुटते, हे त्याला तिनं सांगायला हवं होतं का?

ती घासायला बसली. दगडावर पाणी टाकायचं, पातं टेकवायचं, ओढायचं, हे तिनं हजारदा पाहिलं होतं. पाहणं वेगळं आणि करणं वेगळं. पातं एका ओढीला आडवं पडे, दुसरीला उभं राही. धारेची कड गोल झाली, विळ्याच्या पाठीसारखी. पट्ट्यावर तिनं पातं पुढं ढकललं तर पट्ट्यातच रुतलं आणि चामड्याची साल निघाली. पाणीही जपून वापरायचं होतं. विहिरीवर दिवसाआड पाळी. घरात पिण्याचं वेगळं, कामाचं एक वाडगं. त्याच वाडग्यात स्पंज बुडवून ती चामडं ओलवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. चामड्याचा रंग परत उजळला, पण गालाला लावल्यावर ते गार लागलं, की कोरायला तयार. त्या वर्षी वारा असा कोरडा होता, की फुलाच्या तीन पाकळ्या होईतो चौथीची जागा वाळून कडक व्हायची. त्यात पातं बोथट. हात दुखायला लागे तो पार खांद्यापर्यंत.

पुढं पावसाळ्यात, जो काही पाऊस पडला त्यात, आणखी एक झालं. धाकटी सुऱ्या लाकडी पेटीत, तेलकट फडक्यात ठेवायची. थोरलीला वाटलं, चांगल्या वस्तूला चांगलं घर हवं. तिनं उरलेल्या चामड्याची सुरेख घडीची पिशवी शिवली, प्रत्येक सुरीला वेगळा कप्पा. महिन्यानं उघडून बघते तो पात्यांवर तांबूस ठिपके. कमावलेलं चामडं आतून ओल धरतं, पोलादाला खातं. चामड्याचं हत्यार चामड्यात ठेवायचं नसतं, हे त्या घरात तिच्याखेरीज बहुतेक सगळ्यांना माहीत असावं.

शेवटी दारावर आलेल्या धारवाल्याला तिनं सगळ्यात आवडती सुरी दिली. सासऱ्याची. धारवाल्यानं पायानं चाक फिरवलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि पात्याचं टोक निळं झालं. “बघा, कशी चमकते,” असं म्हणून त्यानं ती परत केली. एक दिवस ती खरंच लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी धार दुमडली. पुन्हा घासली, पुन्हा दुमडली. पोलादातला जीवच गेला होता.

उन्हाळा फिरून आला. घोडेबाजार जवळ आला तसा सौदागर दारात उतरला. घोड्यांची खरेदी-विक्री करणारा हा माणूस दरवर्षी एक जीन इथून करून घ्यायचा आणि बाजारातल्या आपल्या सगळ्यात चांगल्या घोड्यावर चढवायचा. ते जीन बघून पुढं वर्षभर लोक या घराकडं यायचे. त्यानं जिनाची बाजूची पाखळी, स्वाराच्या पायाखाली लोंबते ती, हातात घेतली. वेल, पानं, मधे मोठं फूल. अंगठ्याचं नख त्यानं रेघेतून फिरवत नेलं. नख मधेच अडकलं, पुढं गेलं, पुन्हा अडकलं.

“धाकटी सून नाही वाटतं आता,” तो म्हणाला.

थोरलीचा नवरा म्हणाला, उन्हानं चामडं लवकर वाळतं, त्याचा परिणाम. सौदागरानं मान हलवली. मागच्या वर्षी काय ऊन नव्हतं, असं मात्र तो म्हणाला नाही, एवढी त्याची सभ्यता. पाखळी फळीवर ठेवून तो म्हणाला, ही नको, दुसरी करा, बाजाराच्या आधी जमलं तर ठीक, नाहीतर शहरात आता साच्यानं नक्षी दाबून देतात. आणि पायरी उतरता उतरता त्यानं सांगितलं, की तुमची धाकटी सून तिथंच हत्यारांच्या मोठ्या दुकानात कामाला आहे. मागच्या बाजूला बसते, नव्या सुऱ्यांना धार लावते. त्यानंच परवा तिच्याकडून आपला वस्तरा लावून घेतला होता.

त्या दिवशी जेवताना नवऱ्यानं मान वर केली नाही. थोरली म्हणाली, “नवं पातं आणायला शहरात जाऊन येते.”

कुठल्या दुकानात, हे त्यानं विचारलं नाही. गाडीची वेळ तेवढी सांगितली.

दुकान शोधायला त्रास पडला नाही. दर्शनी भागात करवती, कुदळी, रंधे टांगलेले. काचेखाली सुऱ्या, आऱ्या, रापी. मालक गल्ल्यावर. थोरलीनं चामड्याच्या नक्षीची पाती पाहिजेत म्हणताच त्यानं मागं वळून हाक दिली, आणि धाकटी ट्रे घेऊन बाहेर आली.

कमरेला चामड्याचा तुकडा बांधलेला, बाह्या दुमडलेल्या, बोटांची टोकं काळी. जरा भरली होती अंगानं. तिनं थोरलीकडं पाहिलं, ट्रे काचेवर ठेवला आणि ठेवताना सगळी पाती एकदा किणकिणली. मालक बघत होता.

“कशासाठी पाहिजे?” धाकटीनं विचारलं.

“नक्षीसाठी. जिनाच्या.”

“जाड चामडं?”

“जाडच.”

वर्षभर थोरलीनं मनात किती काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य इथं बसेना. मग धाकटीच बोलत राहिली, अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तशी, सावकाश. लांब वेलांना हे रुंद सरळ पातं घ्या, जाड आहे, वळणावर डगमगत नाही. बारीक पाकळ्यांना हे अरुंद, तिरक्या तोंडाचं. याचं पुढचं टोकच काम करतं, त्यामुळं आत कुठं जातंय ते दिसतं. हे पांढरं चिनी मातीचं; महिनोन् महिने घासावं लागत नाही, पण फळीवरून पडलं की तुकडे. तुमच्या घरी फळीवरून काय काय पडतं, ते तुम्हाला माहीत. हे शेवटचं वाक्य बोलताना तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

तिनं एक पातं उजेडाकडं धरलं. दोन्ही उतार आरशासारखे दिसले पाहिजेत, म्हणाली. लोक नुसती धार बघतात, पण चामड्याला उतार लागतो आधी. उतारावर ओरखडा असला की धार कितीही असो, पातं रडतं.

दुपारी मालक जेवायला गेला. अर्धं शटर ओढून घेतलं आणि धाकटीला म्हणाला, बाईंना जुनी सुरी लावून घ्यायची असेल तर दे लावून.

मागं छोटं आवार होतं. एक लाकडी ठोकळा, त्यावर दगड, शेजारी नळाखाली बादली. नळ चालू होता आणि बादली भरून पाणी फरशीवर वाहत होतं. थोरली काही बोलायच्या आधी पुढं झाली आणि तिनं नळ घट्ट बंद केला. मग दोघी एकमेकींकडं बघून हसल्या आणि हसता हसता धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं दंडानं पुसलं, कारण बोटं काळी होती.

थोरलीनं फडक्यातून सासऱ्याची सुरी काढली. धाकटीनं ती हातात घेतली मात्र, तिचा चेहरा उतरला.

“हिला कुणी जाळलं?”

थोरलीनं धारवाल्याचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं, गोल झालेल्या कडेचं सांगितलं. धाकटी ऐकत राहिली. रागावली नाही. मग म्हणाली, चूक तुमची एकटीची नाही; एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितलीच नाही.

तिनं थोरलीचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तीच सुरी धरायला लावली आणि ठोकळ्यावर टेकवली. वरून बघा, म्हणाली. थोरलीनं पाहिलं. सुरी उभी नव्हती. मनगटाच्या बाजूला कलली होती, जरा, खिडकीला टेकून उभं राहिलेल्या माणसाइतकी.

“तुमचा हात पहिल्यापासून कलतो,” धाकटी म्हणाली. “मामंजींनाही माहीत होतं. ते म्हणाले, तिला सांगू नकोस, सांगितलंस तर रेघ घाबरेल. म्हणून मी एका बाजूचा उतार जास्त काढायची. पातं कलतं लावलं, की तुमची रेघ सरळ.”

थोरली आपल्या हाताकडं बघत राहिली. माझी रेघ, माझी रेघ म्हणून गाव ज्याचं कौतुक करत होतं, त्यातली अर्धी हिची होती. आणि ही समोर बसून इतकी वर्षं गप्प. लाज वाटायला हवी होती. पण तिला वाटली ती लाज नव्हती. आपल्याला इतकं कुणी पाहिलं होतं, आणि ते माणूस आता या आवारात दुसऱ्यांच्या सुऱ्या घासत बसतं, एवढंच तिच्या छातीत अडकून राहिलं.

“परत चल,” ती म्हणाली.

धाकटीनं दगड बादलीत बुडवला. बुडबुडे येईनासे होईपर्यंत ती थांबली.

“नाही येता यायचं, जाऊबाई.”

यांचं मन अजून गावाकडंच आहे, ती म्हणाली. बैल कसे आहेत हे मला विचारतात, जसं काही मला रोज पत्ता लागतो. पण गड्यांसमोर खाल्लेली थप्पड त्यांना गिळता येत नाही. ते कातड्यांच्या गोदामात हमाली करतात. आता गोदामाच्याच मालकाचा दूर बंदराकडं कारखाना निघालाय, तिकडं दोघांनाही काम आहे. बाजार संपला की निघायचं. मग ती म्हणाली, आणि खरं सांगू, इथं लोक मला विचारत येतात. धारवाली कुठं आहे, म्हणून विचारतात. तुमच्याकडं मी तुमच्या रेघेची होते. वाईट नव्हतं ते. पण हेही बरं वाटतं.

थोरलीला हे लागलं, आणि ते खरं आहे हेही तिला कळलं.

धाकटीनं नवं रुंद पातं दांड्यात बसवलं. दांडा तिनं आधीच आखूड निवडला होता. तुमचं बोट आता पूर्वीसारखं वाकत नसणार, म्हणाली, आणि ते बरोबर होतं. मग ती थांबली.

“कलतं लावू, की सरळ?”

कलतं लावलं तर उद्याच्या उद्या पाखळी होईल, सौदागर खूश होईल. पण ते पातं पुन्हा बोथट झालं की ते जगात एकाच माणसाला लावता येणार, आणि ते माणूस बंदराकडं जाणार. सरळ लावलं तर या वयात हात सुधारायचा. थोरलीच्या तोंडावर आलं होतं, कलतं लाव. कलतं लाव, म्हणजे मला तुला शोधत यावंच लागेल, कुठंही असलीस तरी. ती तसं बोलली नाही. बादलीतल्या पाण्याकडं बघत म्हणाली, “सरळच लाव. आणि मला शिकव.”

धाकटी तिच्या पाठीमागं बसली. दोन्ही बाजूंनी हात पुढं घेऊन तिनं आपली बोटं थोरलीच्या बोटांवर ठेवली, आणि शिकवण्याच्या भरात अहो-जाहो विसरली. पातं दगडावर टेकव, उतार चिकटून बसला की हाताला कळतं, पाण्याचा थेंब पात्यापुढं पळतो. तिथं मनगट बांधून टाक. ओढ. उचल. उलट. दुसऱ्या बाजूला तितकंच, ना जास्त ना कमी. पलीकडं बारीक कड उलटलेली बोटाला लागली की दगड पुरे. मग पट्टा. पट्ट्यावर नेहमी मागं ओढायचं, पुढं ढकललं की पट्टा कापतो. आणि पातं अडायची वाट बघायची नाही. दोन पानं कोरली की चार ओढी, भूक लागायच्या आधी जेवावं तसं.

इतकी वर्षं एका फळीवर बसून दोघी कधी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या. धाकटीचा श्वास थोरलीच्या मानेला लागत होता. ओढ. उचल. उलट. मालक येईपर्यंत ती म्हणत राहिली. शटर वर गेल्याचा आवाज आला तशी ती उठली, पात्यांची तिनं पुडी बांधली, आणि गल्ल्याशी थोरली पैसे देत असताना ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाची कात्री हातात घेऊन उभी होती.

घरी आल्यावर थोरलीनं आधी जिनाचं चामडं हातात घेतलं नाही. टाकाऊ तुकडे घेतले आणि नुसत्या उभ्या रेघा ओढल्या. मनगटाला तिनं चिंधी बांधली, कललं की गाठ हाडाला टोचावी म्हणून. रेघ घाबरली, म्हातारा म्हणाला होता तसंच झालं. पोरीसारखी थरथरायला लागली. नवरा येता जाता बघायचा. एकदा तो फळीशी थांबला आणि त्यानं विचारलं, “तिनं शिकवलं?”

“हो.”

“बरे आहेत का दोघं?”

थोरलीनं सगळं सांगितलं. गोदामाचं, बंदराचं, बैलांची चौकशी असते त्याचं. तो हौदांकडं गेला. बराच वेळ तिकडंच होता, पण हौद ढवळल्याचा आवाज काही आला नाही.

हळूहळू रेघ शांत झाली. पहिल्यासारखी नाही झाली. आधी तिची रेघ सुळकन जायची. आता ती जरा थांबत, विचार करत जायची. नव्या पाखळीवर तिनं मोठं फूल काढलं नाही. हाताला झेपेल तेवढा वेल आणि पानंच काढली, पण प्रत्येक पानाची कड स्वच्छ. दोन पानं झाली की ती सुरी पट्ट्यावर ओढायची. चट् चट्. पहिल्यांदा तो आवाज पडवीत उठला तेव्हा तिनं दचकून समोर पाहिलं होतं. पुढं दचकणं गेलं. समोर बघणं राहिलं.

बाजाराच्या दिवशी नवऱ्यानं स्वतः गाडी जुंपली. जीन फडक्यात गुंडाळून दोघं शहराबाहेरच्या बाजाराकडं निघाली. धूळ, घोडे, दलालांचा गलका. सौदागरानं पाखळीवर नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख कुठं अडलं नाही. फूल नाही, वेलच आहे, पण छान आहे, म्हणाला. आणि धाकटी सून परत आली वाटतं, म्हणून हसला. थोरलीनं नाही म्हटलं नाही. तेवढा एक क्षण तिला ते खरं असू द्यावंसं वाटलं.

परतीच्या वाटेला लागल्यावर नवऱ्यानं गाडी घराकडं वळवली नाही. काही न बोलता तो कातड्यांच्या गोदामाकडं निघाला. रस्ता त्याला कसा माहीत होता, हे थोरलीनं विचारलं नाही.

गोदामापाशी ट्रक लावलेला होता. खारवलेल्या कातड्यांचे गठ्ठे बाहेर मांडलेले आणि ते दोघादोघांनी उचलून आत चढवायचं काम चाललेलं. दीर तिथंच होता. त्याचा जोडीदार नेमका पाणी प्यायला गेला होता आणि तो गठ्ठ्याशी एकटाच उभा होता. ट्रकच्या टपाखाली एक ट्रंक, शेगडी आणि वळकटी दिसत होती. हाच ट्रक त्यांना घेऊन जाणार होता.

थोरलीचा नवरा गाडीतून उतरला. जरा वेळ उभा राहिला. मग बाह्या दुमडून पुढं गेला आणि गठ्ठ्याच्या दुसऱ्या टोकाला वाकला. धाकट्यानं मान वर केली. पाहिलं. थोरलीला वाटलं, आता हा टोक सोडून देतो. पण तो फक्त “हं” म्हणाला, गठ्ठा उचलताना हमाल म्हणतात तेवढंच. गठ्ठा उचलला गेला.

एक झाला, दुसरा झाला. पाणी पिऊन आलेला जोडीदार बाजूला बसून बिडी ओढायला लागला. दोघे भाऊ वाकत होते, उचलत होते, खांदा देत होते. मिठाचं पाणी पाठीवरून ओघळत होतं. धाकटी ट्रकच्या सावलीत थोरलीपाशी येऊन उभी राहिली. तिनं थोरलीचा अंगठा धरून बघितला. त्यावर बारीक बारीक चिरा होत्या.

“मागं ओढताना कापत नाही,” ती म्हणाली.

“कधी कधी विसरते.”

“विसरू नका.”

एवढंच त्यांचं बोलणं झालं. धाकटीनं अंगठा मात्र सोडला नाही, ट्रक भरेपर्यंत.

गठ्ठे संपले. दोरखंड आवळला गेला. दीर टपावर चढला, धाकटी पुढं बसली. वर चढण्याआधी त्यानं भावाकडं वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात ट्रक सुरू झाला आणि त्या आवाजात ते गेलं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी थोरलीचा नवरा तिथंच उभा होता.

“अजून उजव्याच खांद्यावर घेतो,” तो म्हणाला. “लहानपणापासून सांगतोय, खांदा बदलत जा म्हणून.”

थोरलीनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्याचा उजवा खांदा मिठाच्या पाण्यानं चिंब झाला होता. डावा कोरडा होता.